तालुक्याच्या गावी वेब परिषद घेतली, त्यातून काय शिकलो (पुढे करणाऱ्यांसाठी धागा)

कापूस_आणि_कोड

नमस्कार मंडळी,

धामणगाव रेल्वेला आम्ही काही मित्रांनी वेबसाइट आणि वेब-ॲप बनवणाऱ्यांसाठी एक दिवसाची परिषद घेतली. दीडशेच्या आसपास माणसं आली. तेव्हापासून पुसद, आर्वी, वरोरा, मूर्तिजापूर अशा गावांतून निरोप येताहेत की आम्हालाही करायची आहे, कसं जमवलं ते सांगा. फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा इथे नीट लिहून ठेवतो. ज्यांनी असे कार्यक्रम केले आहेत त्यांनी भर घालावी, पटणार नाही तिथे स्पष्ट बोलावं.

आधी कोण आलं ते सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यावरून ठरलं. पुण्या-बंगळुरूच्या परिषदांत कंपनीने पाठवलेला, हॉटेलात उतरलेला माणूस गृहीत असतो. आमच्या श्रोत्यांत तसं कोणी नव्हतं. आपले सरकार सेवा केंद्र चालवणारे होते, गावात बसून पुण्याच्या कंपन्यांचं काम करणारी मुलं-मुली होती, कृषी केंद्रांना आणि मंगल कार्यालयांना वर्डप्रेसवर साइट करून देणारे होते, बीसीए-पॉलिटेक्निकचे विद्यार्थी होते, काही शाळांचे शिक्षक होते. बाभूळगाव, कळंब, तिवसा, पुलगाव, चांदूर या भागांतून सकाळी निघून रात्री घरी पोचणारी ही माणसं. म्हणून माझं सगळ्यात ठाम म्हणणं हे, की परिषदेचं वेळापत्रक शेवटच्या बसपासून उलटं बांधा.

वक्ते ठरवायच्या आधी आम्ही बसस्थानकावर जाऊन वाहतूक नियंत्रकाकडून खेड्यांकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा लिहून आणल्या. त्यावरून समारोप दुपारी चारला ठरला आणि सुरुवात साडेदहाला. मधल्या वेळेत जेवण धरून पाच भाषणं आणि एक कार्यशाळा बसते, त्याहून जास्त नाही. "एवढ्या लांबून वक्ते येतात तर अजून दोन भाषणं घाला" असं सुचवणारे भेटतील. ती दोन भाषणं रिकाम्या खुर्च्यांपुढे होतात, कारण शेवटची गाडी चुकवून कोणी बसत नाही.

तारखेबद्दल. ऑक्टोबरात सोयाबीन निघतो, मग कापसाची वेचणी लागते, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा तिथली हॉटेलं आणि भाड्याच्या गाड्या मिळणं कठीण, आणि बाहेरचे काही वक्ते तर नागपूरला विमानानेच उतरतात. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा दुपारी सभागृहात माणूस बसवणं बरोबर नाही. राहिला पौष. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे मंगल कार्यालय रिकामं, बिछायत केंद्रवाला रिकामा, आचारी रिकामा, साऊंडवालाही रिकामा. भाव कमी होतो हा एक भाग झाला. खरा फायदा असा की ही सगळी माणसं तुमच्याकडे पूर्ण लक्ष देतात. वैशाखात त्याच साऊंडवाल्याचे त्याच दिवशी तीन मांडव असतात आणि तुमच्या वाट्याला त्याचा नवखा पोरगा येतो. एवढंच बघा की त्या रविवारी एमपीएससीची किंवा कुठल्या भरतीची परीक्षा नाही, नाहीतर निम्मे विद्यार्थी परीक्षा केंद्रावर असतील.

वीज. मंगल कार्यालयात जनरेटर असतोच, पण वीज गेल्यावर तो चालू होऊन भार घेईपर्यंत थोडा वेळ जातोच. तेवढ्यात दिव्याचा प्रोजेक्टर बंद पडला की तो दिवा थंड झाल्याशिवाय पुन्हा लागत नाही आणि वक्ता पाच मिनिटं तसाच उभा राहतो. त्यासाठी प्रोजेक्टर, साऊंडचा मिक्सर, राउटर आणि स्टेजवरचा लॅपटॉप या चारच गोष्टी वेगळ्या यूपीएसवर घ्या. पंखे आणि दिवे गेले तरी भाषण थांबत नाही. आमच्याकडे दुपारी वीज गेली आणि वक्त्याचं वाक्यही तुटलं नाही.

इंटरनेट हा विषय मोठा आहे, विचारलंत तर वेगळा लिहीन. थोडक्यात एवढंच की कार्यशाळा इंटरनेटशिवाय चालेल अशीच आखा.

आणि भाषा. सगळी भाषणं मराठीत ठेवली, कोडमधले शब्द जसे आहेत तसे. पुण्याहून आलेल्या एका वक्त्याने आयुष्यात पहिल्यांदा या विषयावर मराठीतून भाषण दिलं. प्रश्न विचारणाऱ्यांची रांग जेवणाच्या वेळेतही संपली नाही. इंग्रजी भाषणानंतर आपल्याकडची मुलं प्रश्न विचारत नाहीत, आणि लोक समजतात की त्यांना काही पडलेलं नाही. तसं नाही. या एका बाबतीत माझं मत पक्कं झालंय.

---

पुसदवाला

भाऊ, फार उपयोगी लिहिलंत. आमचं अजून बोलण्यातच आहे. दोन प्रश्न. तिकीट ठेवलं होतं का? आणि वक्त्यांना मानधन दिलं का?

---

कापूस_आणि_कोड

@पुसदवाला, तिकीट ठेवलं. विद्यार्थ्यांना १०० रुपये, बाकीच्यांना ३००, जेवण त्यातच. फुकट ठेवलं की नाव नोंदवणारे खूप होतात आणि आचाऱ्याला किती पानांचा आकडा द्यायचा ते कळत नाही. शंभर रुपये दिलेला विद्यार्थी येतो. ज्याला तेवढेही शक्य नाहीत त्याच्यासाठी महाविद्यालयातल्या एका शिक्षकांकडे काही पास दिले होते, त्यांनी ते गाजावाजा न करता योग्य मुलांपर्यंत पोचवले.

मानधन सगळ्यांना सारखं. मुंबईचा वक्ता असो की कळंबचा. प्रवास आणि मुक्काम वेगळा. प्रवासाचं म्हणाल तर धामणगावला रेल्वेची सोय आहे. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने रात्री बसलं की सकाळी उतरता येतं, पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे. आता समृद्धी महामार्गही जवळून जातो. वक्त्यांची तिकिटं आरक्षण उघडताच आम्हीच काढून दिली. "तुम्ही काढा, आम्ही पैसे देतो" या पद्धतीत नवा, कमी पगाराचा वक्ता मागे हटतो आणि कारणही सांगत नाही.

---

जुना_वाचक

मानधनाबद्दल थोडं वेगळं मत मांडतो. वर्डकॅम्प, म्हणजे वर्डप्रेसवाल्यांच्या परिषदा, २००६ पासून जगभर होतात, तिथे वक्त्याला मानधन नसतं आणि तिकीटही स्वस्त ठेवतात. वक्ता आणि श्रोता एकाच पातळीवर राहतात, हे मला चांगलं वाटतं. छोट्या गावात मानधनाचा बोजा घेतला की आयोजक प्रायोजकाच्या दावणीला बांधला जातो.

---

कापूस_आणि_कोड

@जुना_वाचक, दादा, वर्डकॅम्पच्या मागे सगळा हिशोब आणि पाठबळ सांभाळणारी मोठी व्यवस्था आहे, आणि बोलणाऱ्या बऱ्याच जणांना त्यांची कंपनी पगारी दिवस देते. आमच्या कळंबच्या वक्त्याने त्या दिवशी स्वतःचं दुकान बंद ठेवलं होतं. त्याच्या दिवसाची किंमत कोणीतरी द्यायला हवी. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती सगळ्यांना सारखी असावी आणि ती आधीच जाहीर करावी. दावणीचा मुद्दा मात्र अगदी मान्य. त्यासाठीच तिकिटाच्या पैशांतून जेवण आणि मानधन निघेल असा हिशोब धरला. प्रायोजकाच्या पैशांवर फक्त ज्यावाचून अडत नाही अशा गोष्टी ठेवल्या, म्हणजे टी-शर्ट, व्हिडिओ चित्रीकरण वगैरे.

---

यवतमाळचा_गण्या

राजेहो, मी आलो होतो तिथं. मले सगळ्यात काय आवडलं सांगू का, ते नावाच्या फॉर्मचं. बाकीच्याईले सांगा ना भाऊ ते. मी घरी येऊन चार जणांले सांगतलं.

---

कापूस_आणि_कोड

@यवतमाळचा_गण्या, हो, ते सांगायलाच हवं. परिषद कशासाठी घ्यायची, याचं त्याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

कार्यशाळेत आम्ही "तुमच्या रोजच्या कामात अडणारी एक साइट दाखवा" असं सांगितलं होतं. एक ताई सेवा केंद्र चालवतात. त्यांनी दाखवलं की एका फॉर्मवर मराठीत नाव भरलं तर 'कमल' स्वीकारलं जातं आणि 'मीना' नाकारलं जातं. त्या म्हणाल्या, सर्व्हरवर भार असला की असं होतं असं आम्हाला सांगण्यात आलंय, म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला उद्या या म्हणतो. समोर बसलेल्या पुलगावच्या एका मुलीने ते लगेच ओळखलं. फॉर्म तपासणाऱ्या कोडमध्ये 'फक्त अक्षरं चालतील' असा नियम घातला होता. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या यादीत, क, म, ल ही अक्षरं, पण वेलांटी, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही 'जोडचिन्हं' या वेगळ्या वर्गात मोडतात. नियमात तो वर्ग घातला नाही तर मात्रा नसलेली नावंच पास होतात. कमल, मदन, गगन चालतील. मीना, संतोष, प्रज्ञा अडकतील. कोडमध्ये दोन-चार अक्षरांची दुरुस्ती आहे ही.

सभागृहात तेव्हा जे झालं ते मी विसरणार नाही. मागून एक जण उठला, "माझ्या साइटवर हेच आहे, मी आत्ता बघतो." ज्यांना त्रास होतो ती माणसं आणि ज्यांच्या हातून तो दुरुस्त होतो ती माणसं एका खोलीत बसली, तेव्हा कुठे हे निघालं. लोक महिनोन्‌महिने 'उद्या या' ऐकत होते.

त्याच ओघात देवनागरीच्या इतर गोष्टी निघाल्या. पानावर भाषा 'मराठी' अशी नोंदवली आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे. अक्षरांमधलं अंतर वाढवायची जी सेटिंग इंग्रजी मथळ्यांना शोभते, ती देवनागरीला लावली की शिरोरेषा तुटते. ब्राउझरला 'मराठी, भारत' असं सांगितलं की आकडे आपोआप देवनागरीत येतात, 'हिंदी, भारत' सांगितलं तर इंग्रजी आकडेच राहतात. हे सगळं आपल्या रोजच्या कामाचं आहे, आणि मोठ्या परिषदांत याला वीस मिनिटंही मिळत नाहीत.

---

ऊन_सावली

हे सगळं छानच आहे, पण मनापासून विचारते. यूट्यूबवर सगळं शिकायला मिळतं, ऑनलाइन सभा घेता येते. तालुक्याच्या गावात एवढी जुळवाजुळव, एवढा खर्च करायची खरंच गरज आहे का? तेच पैसे दहा मुलांच्या अभ्यासक्रमाला दिले तर?

---

यवतमाळचा_गण्या

ताई, यूट्यूबवर पुलगावची पोरगी आपल्या बाजूले बसत नाई. तिचा नंबर घेतला, आता तिच्यासंगच काम करून राह्यलो आम्ही. एका कृषी उत्पन्नवाल्याची साइट घेतली दोघाईनं मिळून. मी चार वर्ष घरी बसून काम केलं, मले वाटे आपल्याकडं हे काम करणारं कोणीच नाई. अन् पाहतो तं काय, आपल्याच तालुक्यातले सात-आठ निघाले.

---

कापूस_आणि_कोड

@ऊन_सावली ताई, प्रश्न रास्त आहे. अभ्यासक्रमाला पैसे देणं चांगलंच, कोणी करत असेल तर मी वर्गणी देईन. पण गावातून काम करणाऱ्याची अडचण ज्ञानाची कमी आणि एकटेपणाची जास्त असते. दर किती लावायचा, गिऱ्हाईक पैसे बुडवतो तेव्हा काय करायचं, कंपनीने अचानक काम थांबवलं तर कोणाला विचारायचं, हे व्हिडिओतून मिळत नाही. जेवणाच्या पंगतीत मिळतं.

पंगतीवरून आठवलं. बुफे ठेवू नका. दीडशे माणसांची बुफेची रांग सहज पाऊण तास खाते आणि वक्ते एका कोपऱ्यात, विद्यार्थी दुसऱ्या कोपऱ्यात होतात. आम्ही पंगत बसवली. वाढपी म्हणून आमचेच स्वयंसेवक. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, भात, कढी. जो जिथे बसला तिथे बसला, मुंबईचा वक्ता आणि बीसीएचा विद्यार्थी मांडीला मांडी लावून. बाहेरच्यांसाठी तिखटाशिवायची एक भाजी वेगळी करून घ्या आणि कोणासाठी आहे ते वाढप्यांना माहीत असू द्या. आपल्या तिखटाची सवय नसलेल्या वक्त्याचं दुपारचं भाषण असतं.

---

वर्धेची_लेक

मी वर्ध्याहून आले होते, सोबत माझी मावसबहीण. एक गोष्ट आयोजकांनी स्वतः लिहिली नाही म्हणून मी लिहिते. नोंदणी झाल्यावर प्रत्येक मुलीला एका ताईंचा फोन आला होता. कशाने येणार, परत कशी जाणार, घरी कोणाशी बोलायला हवं का. माझ्या बहिणीच्या बाबांशी त्या स्वतः बोलल्या. त्याशिवाय ती आलीच नसती. आमच्याकडे 'मुलींनी यावं' असं पोस्टरवर लिहून मुली येत नाहीत. घरच्यांना विचारणारी एखादी बाई लागते, आणि चारला कार्यक्रम संपणार हे छापील पत्रिकेत दिसावं लागतं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवासखर्चाचा प्रश्न पुष्कळ हलका झालाय. प्रश्न वेळेचा आणि खात्रीचा उरतो.

दुसरं, स्वच्छतागृह. मंगल कार्यालयात ती बहुतेक वेळा वर-वधू पक्षाच्या खोल्यांना जोडलेली असतात आणि लग्न नसलं की त्या खोल्यांना कुलूप असतं. चाव्या आदल्या दिवशी घ्या. आत पाणी, बादली, कडी, कचऱ्याचा डबा हे एखाद्या बाईने बघून यावं.

तिसरं, वागणुकीचे नियम. दारातच मराठीत फलक होता, खाली दोन माणसांचे फोन नंबर, त्यात एक बाई. कोणी विनाकारण फोटो काढले, नंबर मागत मागे लागलं तर कोणाला सांगायचं ते स्पष्ट होतं. एका मुलीला गरज पडली आणि ती गोष्ट पाच मिनिटांत, गवगवा न होता मिटली. पुढच्यांनी हे नक्की करा.

---

कापूस_आणि_कोड

@वर्धेची_लेक, तुझी पोस्ट त्या ताईंना दाखवली, फार खूश झाल्या. नोंदणीच्या यादीबद्दल तुझ्या मुद्द्याला जोडून एक सांगतो. प्रायोजक नोंदणीची यादी मागतात, नावं आणि मोबाइल नंबर. एका प्रायोजकाने तर तीच अट घातली होती, आम्ही त्यांचे पैसे नाकारले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच संमतीचा आहे. ज्या कामासाठी नंबर घेतला त्याच कामाला तो वापरायचा. पण कायदा नसता तरी मुलींचे नंबर असे वाटणं अयोग्यच. ज्यांना कंपन्यांशी बोलायचं होतं त्यांच्यासाठी स्टॉलवर कोरी वही ठेवली. ज्याला हवं तो स्वतः लिहील.

---

हिशोबनीस

पैशांच्या बाजूने लिहितो, कारण छोट्या कार्यक्रमांची हमखास इथेच अडचण होते.

मोठी कंपनी प्रायोजक म्हणून हो म्हणाली तरी पैसे कार्यक्रमाआधी येतीलच असं धरू नका. त्यांना बिल लागतं, पॅन लागतो, ज्याच्या नावाने बिल त्याच्याच नावाचं बँक खातं लागतं, मग त्यांच्याकडे 'व्हेंडर' म्हणून नोंदणी, मग मंजुरी. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाखांची आहे, त्यामुळे छोट्या गटाला ती बहुधा लागत नाही. पण कंपनीचा लेखा विभाग जीएसटी क्रमांकाशिवाय बिल घ्यायला कांकू करतो, तेव्हा हे लेखी सांगायची तयारी ठेवा. ज्याच्या नावाने बिल काढता त्याची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. बिलावर तो नोंदणी क्रमांक छापा. पाठपुराव्याला बळ येतं.

मित्रांच्या वैयक्तिक खात्यात पैसे घेऊ नका. वर्षभराने त्याच्या विवरणपत्रात ते उत्पन्न म्हणून उभे राहतात. गावातली एखादी नोंदणीकृत संस्था सोबत घ्या, व्यवहार तिच्यातून करा. आणि पावती पुस्तक घेऊन गावात वर्गणी मागायचा विचार असेल तर आधी धर्मादाय कार्यालयात चौकशी करा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच.

---

पुसदवाला

@हिशोबनीस, दादा, वर्गणीचं आम्ही खरंच ठरवत होतो. बरं झालं.

भाऊ, एक नाजूक प्रश्न. उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार यांचं काय केलं? आमच्याकडे सभागृह ज्यांच्या शब्दावर मिळणार आहे ते स्वतः बोलणार, त्यांच्यासोबत आणखी चार जण बोलणार. शाल-श्रीफळातच दुपार होते.

---

कापूस_आणि_कोड

@पुसदवाला, स्टेजवर खुर्च्याच ठेवल्या नाहीत. खुर्च्या ठेवल्या की कोणाची पहिली, कोणाची शेवटची, हा प्रश्न येतो आणि प्रत्येक खुर्चीतल्या माणसाला बोलावंच लागतं. मान्यवर पहिल्या रांगेत श्रोत्यांसोबत. सत्कार जेवणाआधी, एकदम, एक रोप आणि एक पुस्तक देऊन. सकाळी साडेदहाला थेट पहिलं भाषण.

---

जुना_वाचक

इथे मी थोडा वेगळा विचार करतो. ज्या गृहस्थाच्या शब्दावर सभागृह मिळालं, ज्याने जनरेटरचं डिझेल दिलं, त्याला आपल्या गावासमोर दोन शब्द बोलावंसं वाटलं तर त्यात गैर काही नाही. खेड्यात माणूस पैशांपेक्षा मानाने जोडला जातो. त्याला दुपारच्या गर्दीत रोप देऊन मोकळं केलं तर पुढच्या वर्षी तो हात आखडता घेईल.

---

कापूस_आणि_कोड

@जुना_वाचक, दादा, तुमचं म्हणणं मला पटतं, फक्त वेळेचा मुद्दा धरून ठेवतो. आम्हाला सभागृह देणाऱ्या काकांना आम्ही एक भाषणच दिलं, दहा मिनिटांचं. विषय: त्यांच्या जिनिंगचा हिशोब वहीतून संगणकावर कसा आला. त्यांनी त्याची आठवडाभर तयारी केली. दिवसातल्या आवडलेल्या भाषणांत कितीतरी जणांनी त्याचं नाव घेतलं. मान द्यायचा तर असा द्यावा, की ज्यांच्यासाठी परिषद आहे त्यांनाही काही मिळेल.

---

झाडीपट्टी

मी गडचिरोली जिल्ह्यातून. इंटरनेटबद्दल वेगळं लिहीन म्हणालात, ते लिहाच. आमच्याकडे ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची (सरकारी इंटरनेट योजनेची) फायबर आली आहे, पण सभागृहात दीडशे माणसं बसली की मोबाइलचं नेटवर्क कोसळतं.

---

कापूस_आणि_कोड

@झाडीपट्टी, लिहितो. तालुक्याच्या गावात एका भागाला बहुधा एकच टॉवर असतो आणि त्याची क्षमता गावच्या रोजच्या वापरापुरती. दीडशे फोन एका छताखाली आले की तो गुदमरतो, त्यात कोणाचा दोष नाही. त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विसंबू नका.

फायबरची जोडणी असेल तर ती सभागृहात तारेने आणा आणि दोन-तीन ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारे डबे) वेगवेगळ्या भिंतींवर लावा, प्रत्येकाला तार ओढून. घरचा राउटर तीस-चाळीस जोडण्यांत थकतो. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. ते वाटून द्या, शक्य त्यांना ५ गिगाहर्ट्झवर ढकला. आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. जोडलेल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता (आयपी) देतो, आणि तो मुळात ज्या पद्धतीने लावलेला असतो त्यात असे २५४ पत्ते असतात. दीडशे माणसांचे फोन आणि लॅपटॉप मिळून तीनशे होतात. पत्ते संपले की 'जोडलं जातंय' असंच दिसत राहतं आणि लोकांना वाटतं इंटरनेट गेलं. पत्त्यांची व्याप्ती वाढवा आणि पत्ता धरून ठेवायची मुदत एका तासावर आणा.

कार्यशाळेसाठी मात्र इंटरनेट लागूच देऊ नका. एक जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून ठेवला, त्यावर सगळं कोड, लागणारी सगळी पॅकेजेस, फॉन्ट. संदर्भासाठी डेवडॉक्स (प्रोग्रामिंगच्या माहितीची साइट) ऑफलाइन साठवता येतं. शिवाय पेनड्राइव्ह. आदल्या संध्याकाळी इंटरनेटची तार उपसून आम्ही पूर्ण कार्यशाळा एकदा स्वतः करून पाहिली. जिथे अडली तिथे जे लागत होतं ते सर्व्हरवर टाकलं. ही रंगीत तालीम कोणीही गाळू नये.

आठवणीचे निरोप एसएमएसने पाठवायचे असतील तर लक्षात ठेवा, मराठीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हं बसतात, इंग्रजीत १६०. वेलांटी, काना हेही त्या ७० मध्ये मोजले जातात. शिवाय एकगठ्ठा एसएमएसला आधी नोंदणी लागते. दीडशे माणसांसाठी ती खटपट नको. व्हॉट्सॲप आणि आदल्या दिवशी फोन, एवढं पुरतं.

---

पुसदवाला

ठरलं मग. आम्ही पौषच धरतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढचा पौष सरकून जानेवारी २०२७ च्या दुसऱ्या आठवड्यात लागतोय. पहिलाच रविवार घेऊ का?

---

वर्धेची_लेक

पुसदवाले दादा, संक्रांतीला लागून नको. त्या आठवड्यात घरात तिळगुळाची कामं असतात आणि नंतर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. मुली येतील, पण लग्न झालेल्या बायका, ज्यांनी काम सोडलंय आणि पुन्हा सुरू करायचंय, त्या येऊ शकणार नाहीत. हळदीकुंकू दुपारनंतर असतं, म्हणून तुमचा कार्यक्रम त्या दिवसांत ठेवायचाच असेल तर तीनला संपवा. नाहीतर रथसप्तमीनंतरचा रविवार बघा.

---

पुसदवाला

ताई, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आमच्या गटात सगळे पुरुषच आहेत. घरी विचारून दोघी-तिघींना आधी गटात घेतो, मग तारीख त्याच ठरवतील.

---

कापूस_आणि_कोड

@पुसदवाला, उत्तम. तारीख ठरली की इथे टाका. आमचे तीन ॲक्सेस पॉइंट, लांब केबलचं बंडल, एचडीएमआयचे सगळे जोड आणि तो सर्व्हरवाला लॅपटॉप तुमच्याकडे पाठवतो. दारव्ह्यापर्यंत आमचा एक जण दर आठवड्याला येतो, तिथून तुम्ही न्या. वापरून झालं की वरोऱ्याच्या मंडळींना द्या, त्यांनाही लागणार आहे.